दोन फुटी मातीच्या भिंतीतून नेटची वायर कशी न्यावी? (जुनं घर, अमळनेर)

बोरीकाठ (धागाकर्ता)

राम राम मंडळी.

अमळनेरला आमचं जुनं घर आहे. पुढे ओटा, मग बैठक, मग माजघर. हा सगळा भाग धाब्याचा, म्हणजे वर मातीचं सपाट छत. मागे अंगणाच्या जागेत वडिलांनी नंतर काढलेल्या स्लॅबच्या दोन खोल्या. फायबरवाल्यांनी त्यांचा डबा बैठकीत लावून दिला, कारण त्यांना तेच सोपं होतं. मी घरून काम करतो ते सगळ्यात मागच्या खोलीत.

मध्ये दोन भिंती येतात. बैठक आणि माजघराच्या मधली मातीची, दोन फुटांहून थोडी जास्तच भरेल. माजघर आणि मागची खोली यांच्यात नऊ इंची, भाजक्या विटांची. बैठकीत १०० एमबीपीएसचा प्लॅन पुरेपूर मिळतो. मागे वायफायचं ५ गिगाहर्ट्झचं नाव यादीत दिसतच नाही, २.४ वर कसंबसं चालतं, आणि मीटिंगमध्ये माझं तोंड उघडं राहिलेलं असताना चित्र थांबतं. ऑफिसात त्याचे स्क्रीनशॉट फिरतात.

तर आता वायरच न्यायची ठरवलीय. प्रश्न असे:

भोक कुठे पाडावं नि कशाने? नेटच्या वायरीत कॅट-५ई घ्यावी की कॅट-६? आणि मातीच्या भिंतीला ड्रिल लावलं तर ती ढासळणार तर नाही ना? वडिलांचं म्हणणं एकच: "त्या भिंतीला हात लावायचा नाही." आखाजीला दोघी बहिणी पोरांसकट येतात, तेव्हा नेटवर सगळेच तुटून पडतील. त्याआधी काम उरकायचं आहे.

कावळा८२

मेश घ्या. विषय संपला.

फुलपात्र

ज्या गावात १९४५ साली विप्रोची सुरुवात झाली, त्या गावात वायफाय माजघर ओलांडत नाही! (तेव्हा वनस्पती तूप करायचे, हे मान्य. हलके घ्या.)

क्रिम्पर

@कावळा८२, मेशचे, म्हणजे घरात जागोजागी ठेवायचे वायफायचे डबे एकमेकांशी हवेतूनच बोलतात हो. मधली भिंत तीच राहणार. पहिला डबा बैठकीत, दुसरा माजघरात दाराच्या समोर ठेवला तर दारातून थोडंफार जमेल, पण दार लावलं की पुन्हा तेच. मेश खरी चालते ती दोन डब्यांच्या मध्ये वायर असल्यावर. म्हणजे फिरून भोकापाशीच येतो आपण.

धागाकर्त्यांना: पावसाळ्यात रेंज आणखी पडते का? मातीच्या भिंतीत ओल उतरली की ती सिग्नल जास्त गिळते. उन्हाळ्यात जे जेमतेम चालतं ते श्रावणात बंद पडतं.

बोरीकाठ

हो! बरोबर ओळखलंत. पावसाळ्यात मी माजघरात पाटावर बसून काम करतो. आई येता-जाता म्हणते, पंगतीला बसल्यासारखा काय बसतोस.

अहिराणी मावशी

भाऊ, पह्यले घरना मोठा मानूसले इचार, मंग भिंतले भोक पाड.

शिरपूरची सून

मावशी, त्याचे वडील नाहीच म्हणताहेत, वाचलं नाही का वर?

अहिराणी मावशी

वाचं ना! म्हनीसन तं सांगी राह्यनू.

गवंडीकाका

जरा सविस्तर लिहितो. माझं आयुष्य धुळे जिल्ह्यात घरं बांधण्यात आणि जुनी घरं दुरुस्त करण्यात गेलं.

मातीची भिंत भोकाने पडत नाही. ती पडते पाण्याने, वाळवीने, आणि वरच्या धाब्याचं वजन ज्या खांबांवर-तुळयांवर आहे ते कुजल्याने. पुष्कळ धाब्याच्या घरांत भार सागवानी खांबांवर असतो आणि भिंत मधल्या आडोशाचं काम करते. पण हे बघितल्याशिवाय धरून चालू नका. तुळईचं टोक थेट भिंतीत घुसलं असेल तर त्याच्या खाली, सरळ रेषेत, काही करू नका. खांबापासून हातभर तरी लांब राहा.

दुसरं, मातीच्या भिंतीवर हॅमर ड्रिल चालवायचं नाही. हादऱ्याने गिलावा सुटतो आणि आतला भुगा पोकळ होतो. ड्रिलवर हातोडीचं चिन्ह असतं ते बंद करून नुसतं फिरवायचं, अगदी सावकाश. खरं तर मातीसाठी जुनं लांब गिरमिट मिळालं तर त्याहून चांगलं काही नाही. मध्ये दगड लागला तर तिथे जोर करू नका, चार बोटं बाजूला सरका. या भिंतींत कुठे काय भरलंय हे बांधणाऱ्यालाच माहीत, आणि तो आता नाही.

तिसरं आणि महत्त्वाचं. भिंतीत फडताळ किंवा कोनाडा आहे का? जुन्या जाड भिंतीत असतोच असतो. तिथे भिंत निम्मी पातळ झालेली असते. भोक तिथेच पाडायचं. दोन फूट कोरण्याऐवजी एखादा फूट कोरावं लागतं, आणि फडताळाचं दार लावलं की वडिलांना काही दिसतही नाही.

बोरीकाठ

काका, दंडवत! बैठकीत फडताळ आहे, फायबरच्या डब्यापासून चार-पाच हातांवर. आतून ठोकून बघतो. माजघराच्या बाजूने त्याच जागी काय येतं तेही बघावं लागेल.

पुण्यात अडकलेला

फडताळ ठीक. पण देवळी असेल तर तिला ड्रिल लावू नका, नाहीतर आजी घराबाहेर काढेल. आमच्या चोपड्याच्या घरी मामाने दिवा ठेवायच्या देवळीत राउटर ठेवला होता. तुपाची काजळी राउटरवर आणि आजीची जीभ मामावर.

केळीवाला

आमचं यावलकडचं घर काळ्या दगडाचं आहे. तिथे कुठलं गिरमिट? दगड-चुन्याची भिंत असेल तर काय करायचं तेही कुणी सांगा.

गवंडीकाका

@केळीवाला, दगडात न जाता दोन दगडांच्या मधल्या दरजेतून जायचं. दरजेतला चुना किंवा माती निघते, दगड निघत नाही. दरज सरळ नसते हे मान्य, म्हणून वायर ओढायला आधी जीआय तार घालून रस्ता काढावा लागतो. नाहीच जमलं तर दाराच्या चौकटीच्या वर जिथे चौकट आणि भिंत मिळतात, तिथे बहुतेक फट असते.

शिरपूरची सून

चौकटीच्या बाबतीत माझी हरकत आहे. आमच्याकडे केबलवाल्याने पन्नास वर्षांच्या सागवानी चौकटीला सरळ भोक पाडलं, कारण लाकूड मऊ. विचारलं तर म्हणे, "ताई, वायर तर दिसत नाहीये ना." सासऱ्यांनी त्याला ओट्यावरूनच परत पाठवलं, पण भोक राहिलं ते राहिलं. फट असेल तर वापरा, लाकडाला हात लावू नका.

आणि बोरीकाठ, एक सोपी गोष्ट बघा. जुन्या डिश किंवा केबल टीव्हीच्या वायरचं भोक आधीपासून असेल कुठेतरी. आम्ही शेवटी तेच वापरलं. जुनी केबल ओढून काढण्याआधी तिच्याच टोकाला नवी वायर चिकटपट्टीने घट्ट बांधली आणि दुसरीकडून ओढली. जुनी बाहेर आली, नवी आत गेली. ड्रिल आणावंच लागलं नाही.

क्रिम्पर

शिरपूरच्या वहिनींची युक्ती झकास. फक्त चिकटपट्टी निमुळती गुंडाळायची, मध्ये गाठ-गोळा नको, नाहीतर ऐन भिंतीत अडकते.

आता वायरचं. मी भुसावळ-जळगाव भागात कॅमेरे आणि नेटवर्कची कामं करतो, तेव्हा हा माझा प्रांत.

घरातल्या वीस-पंचवीस मीटरला कॅट-५ई पुरते. १०० मीटरपर्यंत १ गिगाबिट तिच्यावर चालतं. कॅट-६ थोडी जाड आणि कडक असते. तिचा खरा फायदा १० गिगाबिटला, तोही साधारण ५५ मीटरपर्यंत. भिंत पुन्हा पुन्हा कोरायची नाही म्हणून कॅट-६ घालायची असेल तर घाला, भावात फार फरक नाही.

फरक पडतो तो तांब्याचा. बाजारात स्वस्त मिळणारी पुष्कळ वायर आतून अॅल्युमिनियमची असते, वर तांब्याचा मुलामा. तिच्यावर "सीसीए" लिहिलेलं असतं, कधी लिहिलेलं नसतंही. तार ब्लेडने खरवडून बघायची. आत पांढरी चकाकी दिसली तर परत द्यायची. पेटी उचलली तरी हाताला वजन कळतं. भिंतीत जी वायर जाईल ती एकेरी भरीव तारेची हवी. मऊ, बारीक तारांची असते ती पॅच कॉर्ड, ती फक्त भिंतीपासून लॅपटॉपपर्यंत.

कनेक्टर लावलेली तयार वायर भिंतीतून घालू नका. आरजे-४५ चं डोकं जवळजवळ १२ मिमी रुंद, त्याला १४-१६ मिमीचं भोक लागतं. नुसती वायर ६ मिमीच्या आसपास. नुसती वायर काढायची आणि दोन्ही टोकांना भिंतीवर आयओ बॉक्स (नेटच्या वायरचं सॉकेट) बसवायचा. जोडणीचा क्रम दोन्हीकडे एकच: पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. टोकाशी पीळ अर्ध्या इंचापेक्षा जास्त उलगडू नका. तो पीळ उगाच दिलेला नाही, तारांमधली एकमेकींची कुजबुज त्यानेच थांबते.

लाइटच्या वायरच्या पाइपातून नेऊ नका. समांतर न्यायची असेल तर वीतभर तरी अंतर, आणि ओलांडायची असेल तर काटकोनात.

कावळा८२

एवढं सगळं करण्यापेक्षा वायरलेसच बरं, असं अजूनही वाटतं. किंवा ते प्लगमध्ये लावायचे पॉवरलाइन अडॅप्टर? लाइटच्या वायरीतूनच नेट जातं म्हणे.

क्रिम्पर

जातं. पण बैठक आणि मागची खोली एकाच फेजवर हवी. जुन्या घराला नंतर जोडलेल्या खोल्या असल्या की फेज वेगळा निघायची शक्यता बरीच. त्यात वायरिंगला जागोजागी काळी पट्टी गुंडाळलेले जोड. एकदा तर पाण्याची मोटर सुरू झाली की नेट रांगायला लागायचं, असं घर बघितलंय. विकत घेण्याआधी कुणाकडून मागून आणून लावून बघा.

सातपुडा

मला कळत नाही, सगळे तांब्याच्या मागे का लागलेत? फायबरच मागच्या खोलीपर्यंत न्या की. फायबरची ड्रॉप वायर बारीक असते, तिला भोकही लहान पुरतं. डबाच मागे हलवायचा. कंपनीचा माणूस येऊन करून देतो.

बोरीकाठ

@सातपुडा, हाही विचार केला. पण मग बैठकीत काही राहणार नाही. वडिलांचा टीव्ही नेटवर चालतो, संध्याकाळच्या बातम्या थांबल्या तर भिंतीपेक्षा मोठं प्रकरण होईल. दोन्हीकडे हवं म्हणजे एक वायर मधून जायलाच हवी.

सातपुडा

मग धाब्यावरून न्या. बाहेरून. ओट्यावरून वर चढवायची, धाब्यावरून मागे, आणि स्लॅबच्या खोलीत खिडकीतून आत. भिंतीला धक्काच नाही.

गवंडीकाका

धाब्यावर माणूस चढून खिळे-क्लिपा ठोकणार, मग पहिल्या पावसात तिथूनच गळणार. धाब्याची माती दाबून बसवलेली असते, तिच्यात एक खिळाही परवडत नाही. वायर नुसती पसरून टाकली तर दरवर्षी पावसाळ्याआधी वर नवी माती टाकतात, तेव्हा ती फावड्याखाली येते.

क्रिम्पर

आणि ऊन! आमच्या भुसावळात मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो, तुमच्याकडे काही थंड हवा नाही. घरातली साधी पीव्हीसी वायर उघड्यावर टाकली तर उन्हाने तडकते, मग पावसाचं पाणी आत शिरतं. बाहेरची वायर वेगळी मिळते, काळ्या पॉलिथिनच्या आवरणाची, तीच वापरायची.

त्याहून मोठी भीती विजेची. एका शेतकऱ्याकडे घर ते गोठा अशी तांब्याची वायर उघड्यावरून नेलेली होती, गोठ्यावर कॅमेरा. वळवाच्या पावसात वीज जवळपास कुठेतरी पडली, घरावर नाही, तरी दोन्ही बाजूचे पोर्ट जळले. लांब तांब्याची वायर उघड्यावर असली की विजेचा झटका तिच्यात नुसत्या जवळिकीनेही येतो. दोन वेगळ्या इमारतींच्या मध्ये फायबर, घराच्या आत तांबं, हे धोरण ठेवा. काचेतून वीज वाहत नाही. फक्त ताकदीसाठी आत तार घातलेली फायबर घेऊ नका, नाहीतर आपण फिरून तिथेच.

केळीवाला

हे कामाचं निघालं. मला घरापासून केळीच्या पॅकिंग शेडपर्यंत नेट न्यायचंय, अंतर तीनशे मीटर असेल.

फुलपात्र

भोकाचा धागा शेडपर्यंत पोचला. आता कुणीतरी भरताची वांगी काढा म्हणजे खान्देशचा कोटा पूर्ण.

पुण्यात अडकलेला

वांगी निघालीच आहेत तर सांगतो, इथे पुण्यात जे भरीत म्हणून देतात ते टोमॅटो घातलेलं काहीतरी असतं. काड्यांवर भाजलेलं वांगं, बडजीत ठेचलेली हिरवी मिरची आणि कांद्याची पात... जाऊ द्या. ड्रिलकडे वळा.

नऊइंची

मी विचारतो, कारण अजून कुणीच विचारलं नाही. दोन्ही बाजूंनी कोरत आलं आणि भोकं मध्ये मिळालीच नाहीत तर? आमच्या नंदुरबारच्या घरी हेच झालेलं आहे. माजघराची जमीन बैठकीपेक्षा खाली, जमिनीपासून मोजलं नि गणित चुकलं.

गवंडीकाका

चांगला मुद्दा. जमिनीपासून कधीच मोजायचं नाही. पारदर्शक लेव्हल पाइप घ्या, पाणी भरा, दारातून पलीकडे न्या. एका टोकाला पाणी तुमच्या खुणेला लावलं की दुसऱ्या टोकाला पाणी जिथे थांबेल तीच तेवढी उंची. मधला फुगा मात्र काढून टाका, नाहीतर पाणी खोटं बोलतं. आडवं अंतर दाराच्या चौकटीच्या एकाच बाजूपासून दोन्हीकडे मोजायचं, म्हणजे झालं. शक्यतो एका बाजूनेच कोरावं. ४५० मिमीचा बिट सहज मिळतो, त्याहून लांबही मिळतात.

भोक पडलं की त्यात २५ मिमीचा पीव्हीसी पाइप बसवा आणि वायर त्यातून न्या. उद्या वायर बदलायची झाली तर भिंतीला त्रास नाही. पाइपाच्या भोवती सिमेंट भरू नका. माती आणि सिमेंट एकमेकांना धरत नाहीत, सिमेंट ओल कोंडतं आणि भोवतीची माती भुसभुशीत होते. तीच माती, थोडा गव्हाचा भुसा घालून मळलेली, तीच भरायची. पाइपाच्या दोन्ही तोंडांना तारेची बारीक जाळी कोंबा, उंदरांसाठी. बाहेरच्या भिंतीत असेल तर पाइपाला बाहेरच्या बाजूला थोडा उतार द्या, आतल्या भिंतीला गरज नाही.

शिरपूरची सून

काका, तुम्ही वेगळा धागाच काढा, "धाब्याच्या घराची निगा". वाचनखूण साठवली.

क्रिम्पर

अजून एक. बैठकीतला डबा इन्व्हर्टरवर असेल आणि मागचा वायफाय डबा नसेल तर लाइट गेल्यावर मागे अंधारच. पीओईवर चालणारा अॅक्सेस पॉइंट घ्या, म्हणजे त्याच वायरीतून त्याला वीज जाते, बैठकीतल्या इन्व्हर्टरवरून. मात्र जिथे पीओई तिथे अॅल्युमिनियमवाली वायर अजिबात नको, ती तापते नि व्होल्टेज पाडते.

बोरीकाठ

मंडळी, उशिराने कळवतोय, काम झालं.

फडताळाच्या मागे भिंत जेमतेम फूटभर निघाली. वडिलांना काकांचा प्रतिसाद मोठ्याने वाचून दाखवला. भिंत भोकाने नाही तर पाण्याने पडते, हे वाक्य त्यांना पटलं. मग म्हणाले, धाब्याला यंदा माती कमी पडलीय तेही बघ. म्हणजे एका भोकाच्या बदल्यात मला धाब्याचं काम लागलं.

आमच्या सुताराकडे लांब गिरमिट होतं, त्यानेच पाडून दिलं. मध्ये एक विटेचा तुकडा लागला, तो सावकाश निघाला. २५ मिमीचा पाइप, मातीचं लिंपण, जाळी, सगळं काकांनी सांगितल्याप्रमाणे. माजघरातून केसिंग-कॅपिंगमध्ये कडीपाटाच्या खालून, आणि नऊ इंची भिंतीत साधं हॅमर ड्रिल.

एकच अडचण राहिलीय. मागे सगळं मस्त चालतं, पण लॅपटॉपवर लिंक १०० दाखवते, १००० नाही. वायर कॅट-६ च आहे, तांब्याचीच, खरवडून बघितलीय.

क्रिम्पर

आठातल्या चारच तारा लागल्या असतील. १०० ला दोन जोड्या पुरतात, १००० ला चारही लागतात. निळी नाहीतर तपकिरी जोडी कुठेतरी बसली नसेल. आयओ बॉक्स उघडून पंच पुन्हा मारा, म्हणजे तारा खाचेत नीट दाबून बसवा. साधा केबल टेस्टर घ्या, कुठला दिवा पेटत नाही ते लगेच कळेल.

कावळा८२

प्लॅन १०० चाच आहे ना? मग लिंक १०० असली तर बिघडलं कुठे?

क्रिम्पर

आज काही नाही. पण अर्धवट बसलेली जोडी उद्या पूर्ण सुटते. शिवाय काही पीओई साधनं त्या उरलेल्या जोड्यांवरूनच वीज नेतात.

बोरीकाठ

तपकिरीच निघाली, फडताळातल्या बॉक्समध्ये. आता १०००.

अहिराणी मावशी

जमी गय ना भाऊ! आते बहिनीसले सांग, पोरं फडताय उघाडतीन तं वायर ओढतीन. कुलूप लाई दे.

केळीवाला

माझं शेड राहिलं की हो. तीनशे मीटर.

क्रिम्पर

तांब्याची मर्यादा १००, तेव्हा तो प्रश्नच नाही. फायबर आणि दोन मीडिया कन्व्हर्टर (फायबर नि तांब्याची वायर जोडणारे डबे), नाहीतर मध्ये झाडं नसतील तर छतावरून समोरासमोर वायरलेस ब्रिज. तुमच्याकडे केळी उभी आहे म्हणजे पानांची उंची बघावी लागेल. नवा धागा काढा आणि शेडचा, घराचा नि विहिरीचा नकाशा टाका, तिथे बोलू.